जोडी कशाने जुळते?

जानेवारी १९८७ मध्ये बंगळूरला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. काही धातूंच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या एका आकड्यावर ठरत नाही, हेलकावत राहते. त्या हेलकाव्यांवर ही परिषद होती. प्रिन्स्टनचे फिलिप अँडरसन बोलायला उभे राहिले आणि बोलले ते दुसऱ्याच पदार्थाबद्दल: लँथॅनम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे एक काळे, ठिसूळ संयुग. याच संयुगात थोडे बेरियम मिसळले की ३० केल्विनच्या आसपासच त्या पदार्थाचा विजेला होणारा रोध नाहीसा होऊ लागतो, हे झुरिकजवळच्या प्रयोगशाळेने नुकतेच दाखवले होते आणि टोकियोतून त्याला दुजोरा मिळाला होता. प्रयोगशाळांमध्ये भट्ट्या पेटल्या होत्या. सिद्धांताच्या बाजूने मात्र अजून कोणी ठामपणे बोलत नव्हते. अँडरसन बोलले. या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या स्फटिकाच्या कंपनांनी जुळत नाहीत, इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या तिरस्कारातूनच जुळतात, असे त्यांचे म्हणणे होते. मार्चमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते छापून आले.

तेव्हापासून चाळीस वर्षे होत आली. पदार्थविज्ञानातल्या एखाद्या प्रश्नावर इतकी बुद्धी, इतके श्रम आणि इतका वाद क्वचितच खर्ची पडला असेल. या काळात डझनभर मॉडेले पुढे आली, काही मोडली, काही उरली. त्यांतल्या ज्यांनी स्वतःच्या विरोधात जाऊ शकेल असा आकडा आधीच सांगून ठेवला, त्यांच्याकडूनच या विषयाला सर्वांत जास्त मिळाले, मग ती टिकलेली असोत वा कोसळलेली.

*

जोडीची गोष्ट मुळात जुन्या अतिसंवाहकांची, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या पदार्थांची आहे. नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कामर्लिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम वायूचा द्रव केला आणि १९११ मध्ये त्या थंडीत पारा तपासला. ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसला, पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. का, ते कोणाला सांगता येईना. आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फाइनमन या सगळ्यांनी आपापल्या वेळी डोके चालवून पाहिले आणि हात टेकले. पुंजयामिकी तयार होऊन पाव शतक उलटले तरी हे कोडे तसेच होते.

पहिला पक्का धागा १९५० मध्ये हाती आला. पाऱ्याचे वेगवेगळ्या वजनांचे समस्थानिक घेतले तर अतिसंवाहकता सुरू होण्याचे तापमानही थोडे बदलते, असे अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे दिसले. वजन बदलते ते अणुकेंद्रकाचे. इलेक्ट्रॉन तेच राहतात. म्हणजे अणूंच्या हालचालीचा, स्फटिकाच्या कंपनांचा या प्रकरणात हात होता. भौतिकीच्या भाषेत या कंपनांच्या पुंजांना फोनॉन म्हणतात.

जॉन बार्डीन तेव्हा बेल लॅब्जमध्ये होते. पुढच्याच वर्षी ते इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना या लहानशा गावात गेले. १९५५ मध्ये त्यांनी लिऑन कूपर यांना तिथे बोलावून घेतले, आणि रॉबर्ट श्रीफर हा त्यांचा विद्यार्थी होताच. कूपर यांनी एक अगदी साधा वाटणारा प्रश्न स्वतःला घातला: इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या समुद्रावर आणखी दोन इलेक्ट्रॉन ठेवले आणि त्यांच्यात अगदी क्षीण आकर्षण असले तर काय होईल? उत्तर आले की आकर्षण कितीही क्षीण असो, त्या दोघांची जोडी बांधली जाते. एरवी एकमेकांना दूर लोटणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये हे आकर्षण येते कंपनांमधून. एक इलेक्ट्रॉन जाताना आसपासच्या धन आयनांना किंचित जवळ ओढतो. आयन जड असल्याने सावकाश परततात, आणि तोवर तिथे उरलेल्या धन प्रभाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. पहिला तोपर्यंत दूर गेलेला असतो, म्हणून दोघांमधला तिरस्कार आड येत नाही.

एक जोडी समजली, पण धातूत असंख्य इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. डिसेंबर १९५६ मध्ये बार्डीन ट्रान्झिस्टरबद्दलचे नोबेल घ्यायला स्टॉकहोमला निघाले तेव्हा श्रीफर प्रबंधाचा विषय बदलण्याच्या विचारात होते. आणखी महिनाभर याच्यावर काम कर, असे बार्डीन यांनी त्यांना सांगितले. नव्या वर्षाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेले असताना पंचवीस वर्षांच्या श्रीफर यांना सर्व जोड्यांना एकत्र सामावणारे तरंगफल सुचले. डिसेंबर १९५७ मध्ये या तिघांचा सविस्तर लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून तो सिद्धांत बीसीएस म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड आणि जर्मनी इथल्या प्रयोगांत दिसले की अतिसंवाहक कड्यात अडकलेले चुंबकी क्षेत्र ज्या ठरावीक टप्प्यांनी वाढते, ते टप्पे वाहकाचा प्रभार इलेक्ट्रॉनाच्या दुप्पट धरला तरच जमतात. जोडी खरोखरच होती. १९७२ चे नोबेल या तिघांना मिळाले. भौतिकीचे नोबेल दोनदा मिळवणारे बार्डीन आजवर एकटेच आहेत.

एवढ्या यशानंतर या विषयाला एक प्रकारचे स्थैर्य आले, आणि स्थैर्याबरोबर मर्यादाही आली. १९६८ मध्ये विल्यम मॅकमिलन यांनी बीसीएसच्या पुढचे सूत्र मांडले. त्यातून ठरावीक कुळांतल्या पदार्थांसाठी निघणारी कमाल ४० केल्विनच्या आसपास होती. प्रत्यक्षात १९७३ मध्ये नायोबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाने २३ केल्विन गाठले आणि पुढची तेरा वर्षे विक्रम तिथेच राहिला. शेकडो अतिसंवाहक शोधून काढणारे बर्न्ड मथायस यांच्या नावावर काही नियम सांगितले जात: ऑक्सिजनपासून लांब राहा, चुंबकत्वापासून लांब राहा, विद्युतरोधकांपासून लांब राहा, आणि सैद्धांतिकांपासूनही लांब राहा. नवा पदार्थ आला तो यातले पहिले तिन्ही नियम एकाच वेळी मोडून.

*

आयबीएमच्या झुरिकजवळच्या रुश्लिकोन प्रयोगशाळेतल्या अॅलेक्स म्युलर आणि गेऑर्ग बेडनोर्झ यांनी धातूंची मिश्रणे सोडून ऑक्साइडे हाती घेतली होती. तांब्याभोवतीच्या ऑक्सिजनची रचना इलेक्ट्रॉनाच्या उपस्थितीने विकृत होते. हा यान-टेलर परिणाम फोनॉनांशी फार जोरकस नाते जोडेल अशी त्यांची अटकळ होती, म्हणजे सुरुवात जुन्याच सिद्धांताच्या ताणलेल्या रूपापासून झाली. फ्रान्समधल्या काँ इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळ्याच कामासाठी बनवलेले लँथॅनम-बेरियम-तांबे ऑक्साइड बेडनोर्झ यांच्या वाचनात आले. जानेवारी १९८६ मध्ये त्याचा रोध ३० केल्विनच्या वर घसरू लागलेला दिसला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘शक्य’ हा शब्द होता, आणि सप्टेंबरमध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा फारसे कोणी हलले नाही. वर्षाअखेरीस टोकियोतून पुष्टी आली. १९८७ च्या सुरुवातीला पॉल चू आणि माव-क्युएन वू यांच्या गटांना यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडमध्ये ९३ केल्विन मिळाले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे महागड्या हेलियमशिवाय अतिसंवाहकता पाहता येऊ लागली.

१८ मार्च १९८७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेला सुमारे दोन हजार लोक आले. पन्नासच्या वर छोटी भाषणे झाली, मध्यरात्र उलटून गेली तरी सभागृह रिकामे झाले नाही. त्याच वर्षी बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रयोगात नव्या पदार्थातही चुंबकी टप्पे जोडीच्याच प्रभाराचे निघाले. म्हणजे जोडी होती, यात शंका उरली नाही. वाद उरला तो तिला जोडणाऱ्या डिंकाचा.

फोनॉन हा डिंक असेल तर समस्थानिकांची जुनी चाचणी लागू पडायला हवी. बेल लॅब्जमध्ये यिट्रियमच्या ऑक्साइडातला नेहमीचा ऑक्सिजन काढून जड ऑक्सिजन भरला गेला. तापमान जवळजवळ हलले नाही. अनेकांनी फोनॉनांचा नाद सोडला. पुढे ज्या पदार्थांत मिसळण कमी असते त्यांच्यात हा परिणाम चांगलाच दिसू लागला आणि फोनॉनांचे समर्थक परत आले, हेही खरे. पण मुख्य प्रवाह तोवर दुसरीकडे वळला होता.

बंगळूरला अँडरसन यांनी सांगितलेला विचार असा होता. मूळ लँथॅनम-तांबे ऑक्साइडमध्ये तांब्याच्या दर अणूवर एक सुटा इलेक्ट्रॉन धरावा. साध्या हिशेबाने हा पदार्थ धातू असायला हवा, पण तो विद्युतरोधक आहे, कारण एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर तिरस्काराची किंमत काही इलेक्ट्रॉनव्होल्ट पडते आणि कोणीच जागचा हलत नाही. मात्र शेजारच्या अणूवर क्षणभर डोकावून येण्याची मुभा पुंजयामिकी देते, आणि त्यातून शेजारी-शेजारी इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचे सूक्ष्म चुंबकपण, उलट दिशांना राहण्याकडे ओढ निर्माण होते. या ओढीला अतिविनिमय म्हणतात. तिची ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त, म्हणजे तापमानात मोजली तर हजार केल्विनच्या वर. अँडरसन म्हणाले की शेजारी दोन-दोन इलेक्ट्रॉन उलट स्पिनांच्या जोड्या करून राहतात आणि या जोड्या एका मांडणीतून दुसरीत सतत बदलत असतात. बेंझिनच्या रेणूतल्या बंधांसाठी पाउलिंग यांनी वापरलेली अनुस्पंदनाची कल्पनाच त्यांनी १९७३ मध्ये स्पिनांसाठी मांडून ठेवली होती. जोड्या आधीच तयार आहेत. फक्त त्या हलू शकत नाहीत. बेरियमसारखे काही मिसळून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले, जागा मोकळी झाली, की जोड्या वाहू लागतात. या मॉडेलला आरव्हीबी असे नाव आहे. गणपती बास्करन आणि झोउ यांच्यासह अँडरसन यांनी त्याचे पहिले गणित केले. बास्करन पुढे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत याच विषयावर काम करत राहिले.

पहिला धक्का १९८७ मध्येच बसला. ब्रुकहेवनला न्यूट्रॉनांच्या साह्याने मूळ ऑक्साइड तपासले तेव्हा तिथले स्पिन बदलत्या जोड्यांत नव्हते. आळीपाळीने वर-खाली अशा पक्क्या शिस्तीत उभे होते. आरव्हीबी अवस्था मूळ पदार्थात नव्हती. असलीच तर मिसळण केल्यावर ती शिस्त मोडल्यानंतरच. अँडरसन यांनी मॉडेल सोडले नाही, त्याची जागा बदलली.

*

दुसरी छावणी चुंबकत्वातूनच डिंक शोधत होती. १९६५ मध्येच वॉल्टर कोन आणि लुटिंजर यांनी दाखवले होते की निव्वळ तिरस्कारातूनही जोडी जुळू शकते, फक्त ती साधी गोल नसावी. डग्लस स्कॅलापिनो, ई. लो आणि होर्हे हिर्श यांचा एक लेख जून १९८६ मध्ये, म्हणजे झुरिकचा शोध छापून येण्याआधीच, नियतकालिकाकडे पोहोचला होता. स्पिनांची आळीपाळीची शिस्त मोडण्याच्या बेतात असते तेव्हा तिची जी थरथर उरते, तीच इलेक्ट्रॉनांना जोडू शकते, असे त्यात होते. मात्र ही थरथर फोनॉनांसारखी ओढत नाही, ढकलते. म्हणून जोडीच्या तरंगफलाला चार पाकळ्या हव्यात, आणि शेजारच्या पाकळ्यांची चिन्हे उलट हवीत. कर्णांच्या दिशेने तरंगफल शून्य होते. दोघे इलेक्ट्रॉन एकाच जागी सापडण्याची शक्यताही शून्य होते, आणि तिरस्काराचा तडाखा टळतो. या आकाराला डी-तरंग म्हणतात. बीसीएसची जोडी सगळीकडे सारखी, गोल, म्हणजे एस-तरंग.

अर्बानाचे डेव्हिड पाइन्स या बाजूचे खंदे पुरस्कर्ते झाले. १९५५ मध्ये बार्डीन यांच्याबरोबर इलेक्ट्रॉन-फोनॉन आकर्षणाचे गणित करणारे ते हेच. आता त्यांनी फोनॉन बाजूला ठेवून स्पिनांच्या थरथरीवर सर्वस्व लावले आणि १९९१ मध्ये फिलिप मोन्टू आणि अलेक्झांडर बालात्स्की यांच्यासह जोडी डी-तरंगाचीच असली पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. टोकियोत तोरू मोरिया याच दिशेने चालले होते. खुद्द श्रीफर यांनीही आपला जुना सिद्धांत कवटाळला नाही. १९८८ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉन स्पिनांच्या शिस्तीत आपल्याभोवती एक खड्डा करतो आणि दुसरा त्यात येऊन बसतो, असे ‘स्पिन बॅग’ मॉडेल मांडले. जून १९९१ च्या ‘फिजिक्स टुडे’मध्ये अँडरसन आणि श्रीफर यांचा संवाद छापला आहे. त्यात दोघांचे जवळपास कशावरच एकमत होत नाही. तरी दोघेही एकमेकांचे म्हणणे पूर्ण ऐकून उत्तर देतात, म्हणून तो आजही वाचावा असा आहे.

त्या वर्षांत इतर प्रस्तावही होते. रॉबर्ट लाफलिन यांचे ‘एनिऑन’ कण, नेव्हिल मॉट आणि अलेक्झांड्रोव्ह यांचे बायपोलॅरॉन, बेल लॅब्जमधल्या चंद्र वर्मा आणि सहकाऱ्यांचा ‘मार्जिनल फर्मी द्रव’. लाफलिन यांचे मॉडेल खरे असते तर काळाची दिशा उलटवली असता प्रकाशाच्या काही गुणांत फरक दिसला असता. तो शोधला गेला, खात्रीने सापडला नाही आणि त्या मॉडेलाचा बहर ओसरला. वर्मा यांचे मात्र टिकले. अतिसंवाहक होण्याआधी या पदार्थांचा रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत जातो, या विचित्र वागण्याचे ते सर्वांत नेटके वर्णन होते, आणि आजही त्याच्याशी हिशेब केल्याशिवाय कोणाला पुढे जाता येत नाही.

१९९३ मध्ये पाकळ्यांचा प्रश्न अर्बानातच धसास लागला. डेल व्हॅन हार्लिंजन यांच्या गटाने, अँथनी लेगेट यांच्या सैद्धांतिक मदतीने, यिट्रियम ऑक्साइडच्या एका स्फटिकाच्या काटकोनातल्या दोन बाजूंना शिशाचे धागे जोडून कडे केले. दोन्ही बाजूंना तरंगाचे चिन्ह एकच असेल तर चुंबकी क्षेत्र शून्य असताना कड्यातून जास्तीत जास्त प्रवाह जायला हवा. चिन्ह उलट असेल तर कमीत कमी. दिसले ते दुसरे. पुढच्या वर्षी आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स प्रयोगशाळेत चँग त्सुई आणि जॉन कर्टली यांनी तीन स्फटिक ठरावीक कोनांत एकत्र आणले आणि त्यांच्या संगमावर सूक्ष्म कडे बनवले. बाहेरून काही न देताच त्या कड्यात चुंबकी टप्प्याचा बरोबर अर्धा भाग आपोआप उभा राहिला. विरोधी निकाल देणारे प्रयोगही त्या काळात झाले, पण वजन या दोघांच्या बाजूने वाढत गेले. ही दोन मोजमापे त्या दशकातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांत गणली पाहिजेत. हजारो पानांच्या वादाचा एक मोठा हिस्सा त्यांनी एका चिन्हात सोडवला.

यामुळे मोन्टू-पाइन्स यांचे भाकीत खरे ठरले. मात्र त्यांची छावणी जिंकली असे म्हणता आले नाही. गॅब्रिएल कॉटलियार आणि जियालिन लिऊ यांनी १९८८ मध्येच आरव्हीबीच्या गणितातूनही डी-तरंग काढून दाखवला होता. आकार ठरला. डिंक ठरला नाही.

*

अँडरसन यांच्या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा याच सुमारास आला, आणि तो पराभवाचा आहे. आरव्हीबीतून तापमान पुरेसे चढत नाही असे वाटून त्यांनी सुदीप चक्रवर्ती आणि इतरांबरोबर १९९३ मध्ये नवे मॉडेल मांडले. या ऑक्साइडांमध्ये तांबे-ऑक्सिजनचे थर एकावर एक असतात. एकटा इलेक्ट्रॉन एका थरातून दुसऱ्या थरात सहज जाऊ शकत नाही, पण जोडी जाऊ शकते. या मोकळिकीतून मिळणारी ऊर्जाच जोडीला बांधते, असा तो विचार. १९९७ मध्ये त्यांनी या विषयावर आख्खे पुस्तक लिहिले.

या मॉडेलाचे मोठेपण हे की त्यात एक आकडा होता. एकेरी थरांच्या थॅलियम ऑक्साइडमध्ये चुंबकी क्षेत्र थरांच्या कडेने किती खोल शिरेल, ते मॉडेलनुसार १ मायक्रॉनच्या आसपास असायला हवे होते. लँथॅनमच्या ऑक्साइडात हिशेब बऱ्यापैकी जमला होता, म्हणून उत्साह होता. अँडरसन ज्या प्रिन्स्टनमध्ये होते तिथेच पोस्ट-डॉक्टरल संशोधन करणाऱ्या कॅथरिन मोलर यांनी कर्टली यांच्या सूक्ष्म चुंबकमापकाने थॅलियम ऑक्साइडमधले चुंबकी क्षेत्राचे भोवरे प्रत्यक्ष पाहिले. १९९८ मध्ये निकाल छापला: खोली सुमारे २० मायक्रॉन. थरांमधल्या देवाणघेवाणीतून मिळणारी ऊर्जा गरजेच्या अगदी छोट्या अंशाइतकी होती. अँडरसन यांनी पळवाट शोधली नाही, ते मॉडेल सोडून दिले. सैद्धांतिक भौतिकीत स्वतःच्या मॉडेलाला मारू शकेल असे मोजमाप नाव घेऊन सांगणे दुर्मीळ असते आणि ते मान्य करणे त्याहून दुर्मीळ. या विषयाच्या इतिहासात मोलर यांचा तो एक आकडा डझनभर यशस्वी वाटणाऱ्या गणितांपेक्षा जास्त कामाचा ठरला, कारण त्याने एक रस्ता खरोखर बंद केला.

मग अँडरसन पुन्हा आरव्हीबीकडे आले, आणि या वळणावर मुंबई येते. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोहित रँडेरिया आणि नंदिनी त्रिवेदी त्या वर्षांत काम करत होते. अरुण परमेकांती यांच्याबरोबर त्यांचा लेख २००१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. अँडरसन यांच्या मूळ तरंगफलातून एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन येण्याची शक्यता पूर्ण वजा करायची, आणि उरलेल्याचे गुणधर्म संगणकावर प्रामाणिकपणे मोजायचे, असे ते काम. कागदावर तसे करणे जमत नाही. मिसळण वाढवत नेली की जोडी तोडायला लागणारी ऊर्जा सतत कमी होत जाते, पण अतिसंवाहकतेचे माप आधी चढते आणि मग उतरते, घुमटाच्या आकारात. प्रयोगांतही नेमके हेच दिसत होते. जोडीची ताकद आणि अतिसंवाहकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईच्या त्या गणिताने कोणताही वेगळा डिंक न घालता दाखवले. २००४ मध्ये अँडरसन, पॅट्रिक ली, मॉरिस राइस, फू-चुन झँग, रँडेरिया आणि त्रिवेदी यांनी एकत्र लिहिलेल्या लेखात आरव्हीबीचे साधे, बिनसजावटीचे रूप मांडले गेले आणि त्यात या कामाला मध्यवर्ती जागा होती. रँडेरिया आणि त्रिवेदी पुढे ओहायो राज्य विद्यापीठात गेले.

कुलाब्याच्या त्याच संस्थेने प्रयोगाच्या अंगानेही या विषयाला दोन अनपेक्षित पदार्थ दिले आहेत. १९९४ मध्ये आर. नागराजन, चंदन मजुमदार आणि सहकाऱ्यांनी, आयआयटी मुंबईच्या मदतीने, यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या संयुगात १२ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. निकेलसारखे चुंबकी मूलद्रव्य असूनही तिथे जोडी जुळत होती. जगभर बोरोकार्बाइडांचे एक कुळच त्यातून उभे राहिले, आणि तिथला डिंक मुख्यतः फोनॉनांचाच निघाला. २०१६ मध्ये एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ केल्विनच्या हजाराव्या भागाच्या निम्म्या तापमानाला अतिसंवाहक होतो हे सिद्ध केले. बिस्मथात मोकळे इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात की बीसीएसची नेहमीची गृहीतके तिथे लावता येत नाहीत.

*

फोनॉनांचा पक्ष दरम्यान संपला नव्हता, उलट दुसऱ्या मैदानात त्याने सगळ्यांना चकित केले. २००१ मध्ये जुन अकिमित्सु यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक असल्याचे दाखवले, तेही निखळ बीसीएस पद्धतीने. २०१५ मध्ये माइन्झ इथे मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने हायड्रोजन सल्फाइडवर पंधरा लाख वातावरणांहून जास्त दाब देऊन २०३ केल्विन गाठले. चिनी सैद्धांतिकांनी वर्षभर आधी असे काही होईल हे गणिताने सांगितले होते. ताम्र-ऑक्साइडांचा वातावरणीय दाबातला विक्रम १३० केल्विनच्या थोडा वर आहे. म्हणजे ज्या डिंकाला चाळिसाची मर्यादा ठरवली गेली होती, तोच तापमानाच्या शर्यतीत पुढे गेला. उच्च तापमान हे वेगळ्या यंत्रणेचे लक्षण असते, हे मग कोणाला म्हणता येईना.

२००८ मध्ये हिदेओ होसोनो यांच्या टोकियोतल्या गटाने लोहाच्या संयुगात २६ केल्विन दाखवले, आणि काही महिन्यांत त्या कुळाने पन्नाशी ओलांडली. आता स्पिन-थरथरीच्या पक्षाकडे अनुभव होता. इगॉर मझिन आणि सहकाऱ्यांनी थोड्याच आठवड्यांत सांगितले की इथे जोडी चार पाकळ्यांची नसेल, पण इलेक्ट्रॉनांच्या दोन वेगळ्या पट्ट्यांवर तिचे चिन्ह उलट असेल. त्या भाकिताच्या बाजूने बरेच पुरावे पुढे आले. १९८६ मध्ये वीस वर्षांच्या शोधाची सुरुवात झाली होती; २००८ मध्ये तसाच प्रश्न उन्हाळ्याआधी आकाराला आला. हे शिकणे चुकलेल्या मॉडेलांतूनच झाले.

२००७ मध्ये अँडरसन यांनी डिंकाच्या प्रश्नावरच हरकत घेतली. स्पिनांना बांधणारी ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनांमधला तिरस्कार या दोन्ही इतक्या मोठ्या आहेत की सावकाश चालणाऱ्या एखाद्या मध्यस्थाची गरजच नाही, असे त्यांनी लिहिले. स्कॅलापिनो यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते मध्यस्थ आहे, आणि तो स्पिनांची थरथरच आहे. आता बाहेरून पाहताना वाटते की या दोन छावण्यांमधले अंतर जेवढे सांगितले जात होते तेवढे नव्हते. दोघेही फोनॉन नाकारत होते, दोघेही एकाच तिरस्कारातून निघणाऱ्या अतिविनिमयाकडे बोट दाखवत होते. मतभेद होता तो त्या ऊर्जेला वेळ लागतो की नाही यावर, आणि त्यासाठी लागणारा प्रयोग फार नाजूक होता.

तसा एक प्रयोग अँडरसन यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २०२२ मध्ये आला. शेमस डेव्हिस यांच्या गटाने बिस्मथ-ताम्र ऑक्साइडच्या पृष्ठभागावर अणू-अणूवरून सुई फिरवली. या स्फटिकात वरच्या ऑक्सिजनचे तांब्यापासूनचे अंतर नैसर्गिकच लाटेसारखे कमी-जास्त होते, आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनाला उडी मारायला लागणारी ऊर्जाही. जिथे ती ऊर्जा कमी, तिथे जोड्यांची दाटी जास्त, आणि किती जास्त, ते अतिविनिमयाच्या गणिताशी चांगलेच जुळले. त्या मापनाने अँडरसन यांच्या १९८७ च्या मूळ कल्पनेला आजवरचा सर्वांत थेट आधार दिला आहे.

गणिताच्या बाजूनेही हालचाल झाली. हबर्ड मॉडेल १९६३ चे, दिसायला एका ओळीचे. त्यात इलेक्ट्रॉन चौकटींवर उड्या मारतात आणि एका घरात दोघे आले तर दंड बसतो, एवढेच. तरी ते अचूक सोडवणे दशकानुदशके जमले नाही. २०२० मध्ये काही गटांनी एकमेकांपासून स्वतंत्र पद्धती वापरून दाखवले की त्याच्या सर्वांत साध्या रूपात अतिसंवाहकता उरत नाही. प्रभार आणि स्पिन पट्ट्यांमध्ये मांडले जातात आणि जोड्यांना जागा मिळत नाही. हा निकाल तिरस्कारवाद्यांना अस्वस्थ करणारा होता. २०२४ मध्ये त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी तिरक्या शेजाऱ्याकडे उडी मारण्याची मुभा मॉडेलात घातली, जी खऱ्या पदार्थात असतेच, आणि पट्ट्यांच्या सोबतच डी-तरंगाची अतिसंवाहकता उभी राहिली.

२०२३ मध्ये ग्वांगझोच्या सन यात-सेन विद्यापीठात मेंग वांग यांच्या गटाला लँथॅनम-निकेल ऑक्साइडमध्ये, १४ गिगापास्कलहून जास्त दाबाखाली, ८० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता मिळाली. आठवड्याभरातच सैद्धांतिकांचे लेख येऊ लागले. एक गट म्हणतो की जोडी दोन थरांमध्ये उभी जुळते आणि लोहाच्या संयुगांसारखी चिन्ह बदलते. दुसरा गट तांब्यासारखी चार पाकळ्यांची आडवी जोडी सांगतो. हिऱ्यांच्या चिमट्यात दाबलेल्या कणावर व्हॅन हार्लिंजन किंवा त्सुई यांच्यासारखा चिन्हाचा प्रयोग करणे जवळजवळ अशक्य होते. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या हॅरल्ड ह्वांग यांच्या गटाने त्याच ऑक्साइडचा पातळ थर योग्य स्फटिकावर वाढवून, कोणत्याही दाबाशिवाय ४० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सुरू झाल्याच्या खुणा नोंदवल्या. त्या थरांवर कडी कोरता येतात, आणि दोन्ही गटांनी आपापले चिन्ह आधीच सांगून ठेवले आहे.